प्रोटॉनचा पासंग

परभणी जिल्ह्यात ज्या कुणाचा एमआरआय निघाला आहे, त्याच्या अंगातल्या प्रोटॉनांचं ध्रुवण निदान वीस-पंचवीस मिनिटं झालेलं आहे. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. रिपोर्टात मणक्यांचे क्रमांक असतात, दबलेल्या नसेचा उल्लेख असतो, तळाशी डॉक्टरांची सही असते. ते चित्र कशाच्या जोरावर उमटलं, हे काही कागदावर येत नाही.

शहरातल्या एका निदान केंद्रात दुपारी थोडा वेळ बसलं की ही तयारी जवळून दिसते. गंगाखेडकडून आलेली एक आजी कंबरेच्या तपासणीसाठी बाकावर बसलेली. तंत्रज्ञ पोरगा बाहेर येतो. "आजी, जोडवी काढा, कानातलं काढा. मोबाईल असंल तर पोराकडं द्या."

"अन् पोत?"

"तीबी काढा. आत मोठं लोहचुंबक हाय."

आजी पोत सोडून सुनेच्या मुठीत देते आणि उठता उठता म्हणते, "लय आवाज करतंय म्हनं हे."

"कापूस देतो कानात. हलायचं नाही फक्त."

आतलं चुंबक दीड टेस्ला ताकदीचं, द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर ठेवलेलं. आजीच्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन आहे, हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे एक प्रोटॉन, आणि प्रत्येक प्रोटॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक. हे चुंबकत्व त्याच्या स्पिनमधून येतं. वस्तुमान आणि विद्युतभार जसे प्रोटॉनला जन्मजात आहेत तसा स्पिनही आहे, आणि स्पिनला दिशा असते. एरवी या दिशा कशाही विखुरलेल्या असतात. दीड टेस्लाच्या क्षेत्रात त्यांचा कल थोडासा एकीकडे होतो; यालाच ध्रुवण म्हणतात. हा कल फारच लहान आहे: शरीराच्या तापमानाला दर १० लाख प्रोटॉनांमागे जेमतेम ५ जास्तीचे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेला असतात. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. त्या पाचांवर सगळं चित्र उभं राहतं.

त्या क्षेत्रात प्रोटॉनच्या स्पिनचा अक्ष क्षेत्राभोवती गिरक्या घेतो, सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. या गतीला परांचन म्हणतात. बाहेरून नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की अनुनाद होतो आणि स्पिन आपल्या जागेवरून कलतात. परत येताना ते जो क्षीण संकेत देतात तो यंत्र टिपतं. म्हणजे एमआरआयमध्ये अनुनाद मुद्दाम घडवून आणलेला असतो आणि ध्रुवण मोडलं तरी सेकंद-दोन सेकंदांत चुंबक ते पुन्हा जमवून देतं.

ज्या यंत्रांविषयी हा लेख आहे, म्हणजे कणांना वेग देणारे त्वरक, तिथे ही सोय नाही. तिथे प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी लगत धावत असतात, त्यांच्यातल्या दर १०० पैकी ८० जणांनी स्पिनची एकच दिशा तासन् तास धरून ठेवावी अशी अपेक्षा असते, आणि वाटेत शेकडो अनुनाद येतात. एकदा गेलेलं ध्रुवण परत जमत नाही. इलेक्ट्रॉन कड्यात फिरत राहिले तर प्रकाश सोडता सोडता आपोआप थोडे ध्रुवित होतात. प्रोटॉन जड असल्यामुळे त्यांच्याबाबतीत तसं होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. स्रोतातून जेवढं आणलं तेवढंच भांडवल. मला या विषयाचं जे आकर्षण आहे ते इथे आहे. ध्रुवण निर्माण करणं जमतं. ते टक्कर होईपर्यंत राखणं हे पन्नास वर्षांचं काम आहे, आणि त्या कामाबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही.

यंत्राचं नाव रिक. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंडवर ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे; तिथे ३.८ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात अतिसंवाहक चुंबकांची दोन कडी बसवली गेली. एक निळं, एक पिवळं. एकात झोत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचा, दुसऱ्यात उलटा. सन २००० मध्ये हे यंत्र सुरू झालं. सोन्याच्या अणुगर्भांच्या टकरींसाठी ते जास्त प्रसिद्ध आहे. पण ध्रुवित प्रोटॉनांची एकमेकांवर टक्कर घडवणारं ते जगातलं एकमेव यंत्र ठरलं.

अशी टक्कर कशासाठी? कारण १९८८ मध्ये एक हिशेब चुकला. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात, त्यांचे स्पिन मिळून प्रोटॉनचा स्पिन होतो, असं पाठ्यपुस्तकात सरळ लिहिलेलं होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ईएमसी नावाच्या प्रयोगाने ते मोजलं तर क्वार्कांचा वाटा फारच थोडा निघाला. पुढच्या मोजमापांत तो ३० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. उरलेला स्पिन कुठे आहे? क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांत? की सगळ्यांच्या आतल्या आत फिरण्यात? विश्वातल्या दृश्य वस्तूंचं बहुतेक वस्तुमान ज्या कणांनी बनलं आहे, त्यातल्या एकाच्या इतक्या मूलभूत गुणाचा जमाखर्च लागत नव्हता. ग्लुऑनांकडे पाहायचं तर प्रोटॉनवर प्रोटॉन आपटायला हवेत, दोन्हींच्या स्पिनची दिशा माहीत हवी, आणि दिशा बदलली की टकरीचे निकाल किती बदलतात ते मोजायला हवं.

या शोधाच्या धाग्यात मराठी वाचकाला थांबवणारं एक नाव आहे: अभय देशपांडे. आयआयटी कानपूरमधून एमएस्सी, १९९५ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट. सर्नमध्ये ईएमसीच्या पाठोपाठ झालेल्या स्पिन म्यूऑन प्रयोगात त्यांनी काम केलं. नंतर ब्रूकहेवनमध्ये जपानच्या रिकेन संस्थेने उभारलेल्या संशोधन केंद्रात ते आले आणि पुढे जवळच्याच स्टोनी ब्रूक विद्यापीठात प्राध्यापक झाले. रिकनंतरचं यंत्र कसं असावं याचा २०१२ मध्ये जो आधारभूत दस्तऐवज निघाला, त्याच्या तीन संपादकांपैकी ते एक. इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर, म्हणजे ईआयसी, हे ते यंत्र. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

आता अडचण नीट समजून घेऊ.

प्रोटॉनला कड्यात वळवण्यासाठी उभ्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र लागतं. त्या क्षेत्राभोवती स्पिनही परांचन करतो. स्पिन बरोबर उभा असेल तर उभं क्षेत्र त्याला काही करत नाही. म्हणून झोत उभ्या दिशेत ध्रुवित करून आत सोडतात. पण यंत्र आदर्श नसतं. शेकडो चुंबकांपैकी एखादं केसभर खाली बसलेलं असतं, एखादं किंचित कललेलं. झोत एकत्र धरून ठेवण्यासाठी चतुर्ध्रुवी चुंबक असतात, त्यांतून मध्यापासून जरा वरून किंवा खालून गेलेल्या प्रोटॉनला आडव्या क्षेत्राचा एक हलका झटका बसतो. आडवं क्षेत्र उभ्या स्पिनला कलवतं. एका फेरीत हा कल नगण्य असतो. पण प्रोटॉन सेकंदाला ७८ हजार फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत झटका बसताना स्पिन परांचनाच्या त्याच टप्प्यावर असेल तर झटके जमत जातात आणि बघता बघता स्पिन आडवा होतो. इथला अनुनाद हाच, आणि तो कुणी बोलावलेला नसतो.

तो कधी येतो? एका फेरीत स्पिनच्या पूर्णांकी गिरक्या झाल्या की येतो. गिरक्यांची संख्या ऊर्जेबरोबर वाढते आणि त्या वाढीचा दर प्रोटॉनच्या चुंबकत्वातून ठरतो. १९३३ मध्ये हॅम्बुर्गला ऑटो स्टर्न यांनी सहकाऱ्यांसह प्रोटॉनचं चुंबकत्व मोजलं, तेव्हा ते अपेक्षेच्या अडीच पट निघालं. अचूक आकडा पुढे २.७९ ठरला. अपेक्षेपेक्षा जास्तीचं हे १.७९ म्हणजेच त्वरकात काम करणाऱ्यांच्या डोक्याला लागलेला ताप. या १.७९ चा परिणाम असा की प्रोटॉनची ऊर्जा दर ५२ कोटी ३० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टने वाढली की एक अनुनाद आडवा येतो. हे झाले चुंबकांच्या बसवणीतल्या दोषांमुळे येणारे. झोतातले प्रोटॉन उभ्या दिशेत जे स्वाभाविक हेलकावे घेतात, त्यांच्यामुळे येणारे वेगळेच, आणि ते अधिक जोरकस.

रिकमध्ये प्रोटॉन सुमारे २४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला शिरायचे आणि २५५ अब्जांपर्यंत चढायचे. एवढ्या वाटेत पहिल्या प्रकारचेच ४४२ अनुनाद मोजता येतात. शेवटच्या ऊर्जेला स्पिन एका फेरीत ४८७ गिरक्या घेईल. कागद घेऊन बसावं आणि हिशेब करावा: प्रत्येक अनुनादाने हातातल्या ध्रुवणाचा फक्त एक टक्का नेला, तरी ४४२ अनुनादांनंतर शंभर भागांतला जेमतेम एक भाग उरतो. म्हणून शंभरातला नव्याण्णव हिस्सा वाचवणारी युक्तीसुद्धा इथे निरुपयोगी.

मार्सेल फ्रोआसार आणि रेमों स्टोरा या दोघांनी १९६० मध्ये एक सूत्र दिलं, अनुनाद ओलांडताना ध्रुवणाचं काय होतं याचं. सूत्र छोटं आहे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष चकित करणारा. अनुनाद क्षीण असेल आणि तुम्ही तो झपाट्याने ओलांडला, तर ध्रुवण शाबूत राहतं. अनुनाद खूप जोरकस असेल आणि तुम्ही सावकाश गेलात, तर सगळे स्पिन मिळून पूर्ण उलटे होतात; दिशा बदलते पण ध्रुवण शाबूतच. नाश होतो तो मधल्या मध्ये. म्हणजे दोन वाटा: अनुनाद दुबळा करून घाईने पार व्हा, नाहीतर त्याला आणखी बलवान करून पूर्ण उलटून घ्या.

पहिली वाट आधी चालून झाली. १९७३ मध्ये शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत झेडजीएस या त्वरकात ध्रुवित प्रोटॉन पहिल्यांदा एवढ्या मोठ्या ऊर्जेला नेले गेले. मिशिगन विद्यापीठाचे ॲलन क्रिश या कामामागे होते. ऐंशीच्या दशकात ब्रूकहेवनच्या एजीएस या जुन्या त्वरकात तेच करायचं ठरलं. एजीएस हे १९६० चं यंत्र, त्याच्या नावावर नोबेल मिळवून देणारे शोध आहेत, पण ध्रुवणासाठी ते अवघड ठिकाण. वाटेत दोषजन्य अनुनाद चाळीसच्या आसपास. प्रत्येकासाठी सुधारक चुंबकांचे प्रवाह वेगळे लावायचे, ध्रुवण मोजायचं, पुन्हा प्रवाह बदलायचे, पुन्हा मोजायचं, मग पुढच्या अनुनादाकडे वळायचं. आठवडेच्या आठवडे दुसरं काही न करता लोक हे करत राहिले आणि ध्रुवित झोत २२ अब्जांपर्यंत गेला. त्यांच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. पण ४४२ अनुनादांसाठी ही पद्धत चालणार नाही, हे त्यांनीच सर्वांत आधी ओळखलं.

उत्तर सायबेरियात तयार होतं. नोव्होसिबिर्स्कच्या अणुभौतिकी संस्थेत यारोस्लाव डेर्बेनेव्ह आणि अनातोली कोंद्रातेन्को यांनी सत्तरच्या दशकात एक कल्पना मांडली होती. अनुनादांशी एकेक करून भांडू नका. कड्यात एका ठिकाणी असं चुंबक बसवा की त्यातून जाताना प्रत्येक स्पिन आडव्या अक्षाभोवती बरोबर १८० अंशांनी उलटेल. दर फेरीला उलटेल.

मोंढ्यात जुन्या तागड्यांवर माल जोखलेल्यांना यातलं तत्त्व लगेच कळेल. तागडीला पासंग असतो, एक पारडं नेहमी थोडं जड. पासंग किती आहे हे ठाऊक नसलं तरी खरं वजन काढता येतं: एकदा माल डाव्या पारड्यात घालायचा, दुसऱ्यांदा उजव्या, आणि सरासरी घ्यायची. पासंग एकदा मालाच्या बाजूने पडतो, एकदा विरुद्ध, आणि निघून जातो. स्पिन उलटवण्याने हेच साधतं. पहिल्या फेरीत चुकीच्या क्षेत्राने स्पिनला जिकडे कलवलं, उलटल्यावर तेच क्षेत्र तो कल परत घेतं. चुंबक कुठलं वाकडं आहे, किती वाकडं आहे, हे माहीत असण्याची गरजच उरत नाही. आणि ऊर्जा कितीही असो, एका फेरीतल्या गिरक्यांची संख्या परिणामी अर्ध्यावर खिळते. ती पूर्णांक कधी होतच नाही. जो अनुनाद दर ५२ कोटींनी यायचा तो येईनासा होतो.

या चुंबकाला सायबेरियन साप हे नाव अर्नेस्ट कूराँ यांनी दिलं. सापातून जाताना झोत नागमोडी वाट घेतो. कूराँ म्हणजे १९५२ मध्ये त्वरकांचं आजचं रूप ज्यामुळे शक्य झालं त्या केंद्रीकरणाच्या पद्धतीचे एक जनक. कल्पना कागदावर दशकभर राहिली. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या छोट्या कड्यात क्रिश यांच्या गटाने साप बसवून पाहिला आणि तो चालला. रशियात मांडलेली कल्पना शीतयुद्ध संपता संपता अमेरिकेत तपासली गेली, आणि ब्रूकहेवनमध्ये मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती जपानच्या रिकेनच्या पैशाने.

रिकचे साप जवळून पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक कड्यात दोन, समोरासमोरच्या बाजूंना. एका सापात चार चुंबकं, प्रत्येक २.४ मीटर लांब, ४ टेस्ला ताकदीचं, द्रव हेलियमने थंड केलेलं. चुंबकाची गुंडाळी मळसूत्री: लांबीभर जाता जाता क्षेत्राची दिशा पूर्ण एक पीळ घेते. प्रोटॉन आत शिरला की त्याची वाट पिळत जाते, सरळ रेषेपासून काही मिलिमीटर, कमी ऊर्जेला काही सेंटिमीटर बाहेर पडते, आणि चौथ्या चुंबकाच्या तोंडाशी परत मूळ रेषेवर येते. झोताच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. स्पिन मात्र वरचा खाली झालेला असतो. मग अर्धं कडं स्पिन खाली करून जायचं, दुसरा साप लागला की पुन्हा वर. दोन्ही सापांचे अक्ष एकमेकांशी काटकोनात ठेवलेले असतात. संख्या अर्ध्यावर खिळते ती या काटकोनामुळे. साधं लोखंडाचं उभं-आडवं चुंबक वापरूनही हे करता येतं, पण वाट फार बाहेर जाते आणि पोकळी तेवढी मोठी लागते. मळसूत्री रचना इथे कामाला आली.

सन २००० मध्ये एका कड्यात पहिला साप चालवून पाहिला. २००१ च्या डिसेंबरात दोन्ही कड्यांत ध्रुवित प्रोटॉन १०० अब्जांपर्यंत नेऊन त्यांच्या टकरी सुरू झाल्या. ध्रुवण मिळालं सुमारे १५ टक्के.

हा आकडा फार लहान आहे आणि तो किती लहान आहे हे कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दोन ध्रुवित झोतांच्या टकरीत मोजमापाचं मोल ध्रुवणाच्या चौथ्या घाताने बदलतं. १५ चे ६० टक्के झाले तर तेवढ्याच वेळात हाती येणाऱ्या माहितीचं मोल २५६ पट होतं. उलट ६० चे ५० झाले तरी ते निम्म्याखाली येतं. टकरी वाढवून हे भरून काढायचं म्हटलं तर आयुष्यं पुरणार नाहीत. म्हणून रिकमध्ये प्रत्येक टक्क्यासाठी माणसं झगडली.

रिकमध्ये साप होते, तेव्हा गळती तिथे फारशी नव्हती. ती आधीच्या टप्प्यात, रिकला प्रोटॉन पुरवणाऱ्या एजीएसमध्ये होती. त्या जुन्या कड्यात पूर्ण साप मावायला सरळ जागाच नाही. तेव्हा फ्रोआसार-स्टोरा सूत्रातली दुसरी वाट धरली. अर्धवट साप: स्पिनला १८० ऐवजी थोड्याच अंशांनी फिरवणारा. १९९४ मध्ये बसवलेला पहिला साप पूर्ण सापाच्या ५ टक्के, म्हणजे ९ अंशांचा. तेवढ्यानेही दोषजन्य अनुनाद इतके बलवान होतात की प्रत्येक वेळी स्पिन पूर्ण उलटतो आणि ध्रुवण वाचतं. पुढे २००४ मध्ये एक मळसूत्री साप आला, त्यानंतर अतिसंवाहक चुंबकाचा जोरकस साप. सापांमुळे मग आडव्या हेलकाव्यांशी जोडलेले नवे क्षीण अनुनाद उभे राहिले. एक गळती बुजवली की दुसरी दिसू लागते, हा या क्षेत्राचा नित्याचा अनुभव. त्यांच्यासाठी दर चढाईत ८२ वेळा चुंबकांना क्षणिक धक्का देऊन अनुनाद घाईने ओलांडायची व्यवस्था केली गेली. सेकंदापेक्षा कमी वेळ चालणाऱ्या चढाईत ८२ धक्के, प्रत्येक आपापल्या नेमक्या क्षणी.

२००६ पर्यंत १०० अब्जांच्या टकरींत ध्रुवण साठीच्या घरात पोचलं. ध्रुवण ६० टक्के म्हणजे शंभर प्रोटॉनांपैकी ८० एका दिशेला, २० उलट. पुढे २५५ अब्जांना ५५ टक्क्यांच्या आसपास मिळू लागलं. सापांनीही सगळं सुटत नाही. उभ्या हेलकाव्यांची वारंवारता काही ठरावीक अपूर्णांकांवर आली, उदाहरणार्थ ७/१० वर, तर साप असूनही ध्रुवण गळतं. त्यामुळे चढाईभर ती २/३ च्या लगत अरुंद पट्ट्यात धरून ठेवायची, आणि झोताची उभी पातळी मिलिमीटरच्या अंशात सपाट राखायची. बोगद्याखालची जमीन बसते, चुंबकांच्या पातळ्या बदलतात, सर्वेक्षण करणारे पुन्हा मोजून त्या लावतात. भौतिकशास्त्राच्या या टोकाला दुर्बीण लावून पातळी बघणाऱ्या माणसाचं काम थेट प्रोटॉनच्या स्पिनपर्यंत पोचतं.

स्रोताचीही एक नजर घेऊ, कारण तिथली कारागिरी देखणी आहे. लेसरच्या प्रकाशाने रुबिडियमच्या वाफेतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला लावायचे. त्या वाफेतून प्रोटॉन सोडले की ते एकेक ध्रुवित इलेक्ट्रॉन उचलतात. मग चुंबकीय क्षेत्राची दिशा अशा तऱ्हेने बदलायची की इलेक्ट्रॉनची दिशा प्रोटॉनकडे हस्तांतरित होते. सोडियमच्या वाफेतून आणखी एक इलेक्ट्रॉन मिळून ऋणभारित हायड्रोजन तयार होतो आणि त्वरकांच्या मालिकेत शिरतो. इथे ध्रुवण ८० टक्क्यांच्या वर असतं. परभणीच्या एमआरआयमधलं १० लाखांमागे ५ हे प्रमाण त्याच्या शेजारी ठेवून पाहावं.

आणि हे सगळं मोजायचं कसं? धावत्या झोतात कार्बनची एक फीत आडवी सरकवतात. फीत केसाहून कितीतरी अरुंद, जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकी. झोत तिच्यावर आपटून कार्बनचे अणुगर्भ डावी-उजवीकडे उडतात. दोन्हींकडच्या संख्येत अगदी थोडा फरक असतो, त्यावरून ध्रुवण निघतं. मापाचं माप म्हणून हायड्रोजनचा एक ध्रुवित झोत आडवा सोडलेला असतो, ज्याचं ध्रुवण स्वतंत्रपणे ठाऊक असतं. कड्यातल्या शंभरावर पुंजक्यांत वर-खाली असा स्पिनचा क्रम आलटून-पालटून भरतात, म्हणजे शोधकयंत्राचे स्वतःचे दोष निकालात मिसळत नाहीत. टकरीच्या जागेआधी आणखी मळसूत्री चुंबकं स्पिनला उभ्याचा आडवा, झोताच्या दिशेचा करतात आणि टकरीनंतर पुन्हा उभा.

एवढ्या खटाटोपातून २०१४ मध्ये उत्तराचा पहिला ठोस भाग आला: रिकची माहिती धरून केलेल्या विश्लेषणात ग्लुऑनांचा वाटा शून्य नाही, धन आहे आणि लक्षणीय आहे, असं दिसलं. बातमी ग्लुऑनांची झाली. सापांची झाली नाही. मला हे खटकतं. आपल्याकडे विज्ञानाची बातमी शोधाच्या दिवशी जन्मते आणि दुसऱ्या दिवशी संपते. तो शोध शक्य करणाऱ्या यंत्रावर वीस वर्षं राबलेल्या माणसांना त्यात ओळभर जागा नसते. थॉमस रोझर, मेई बाई, हायशिन ह्वांग, अनातोली झेलेन्स्की, वादिम प्तित्सिन ही ब्रूकहेवनमधली नावं. सापांच्या जुळणीपासून स्रोताच्या वाफेपर्यंत काही ना काही त्यांच्या हातून घडलेलं आहे.

महाराष्ट्राचा हातही यात आहे. फेनिक्स या रिकवरच्या प्रयोगाच्या शोधनिबंधांत लेखकांच्या लांबलचक यादीत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव सापडतं, स्टार या दुसऱ्या प्रयोगात आयआयटी मुंबईचं. त्याच आयआयटीत अस्मिता मुखर्जी यांचा गट प्रोटॉनच्या आतल्या स्पिनचं सैद्धांतिक गणित करतो. यंत्रं म्हणाल तर कुलाब्याला टाटा संस्थेत पेलेट्रॉन ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून आहे, तुर्भ्याला २० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन त्वरक उभा राहिला आहे, खारघरला कर्करोगाच्या उपचारासाठी प्रोटॉनांचा झोत वापरला जातो. ध्रुवण हा यांचा विषय नाही. पण झोत धरून ठेवणं, निर्वात राखणं, चुंबकांची पातळी लावणं, ही विद्या तीच.

आणि ती विद्या लवकरच आपल्या दाराशी लागणार आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. आज तो हिंगोली जिल्हा. १ मे १९९९ पर्यंत परभणीच होता, आणि परभणीहून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथे प्रोटॉन धावणार नाहीत, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेसरचा प्रकाश धावेल आणि गुरुत्वीय लहरींचा शोध घेईल. पण दिवसेंदिवस यंत्र जाग्यावर धरून ठेवण्याचं, सूक्ष्म गळती शोधण्याचं, जमिनीच्या हालचालीचा परिणाम काढून टाकण्याचं काम तिथेही तसंच असेल. जिंतूर, सेलू, पाथरीच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून निघणाऱ्या मुला-मुलींना निर्वाताचं तंत्र, अतिशीत तंत्र, सूक्ष्म मापन शिकवायला आत्ताच सुरुवात व्हायला हवी. शोध लागल्याच्या दिवशी फेटे बांधायला सगळे येतील. त्याआधीची वर्षं ज्यांच्या हातात यंत्र असेल, त्यांच्यात इथली नावं असावीत असं मला मनापासून वाटतं.

ब्रूकहेवनमध्ये २०२४ साली ध्रुवित प्रोटॉनांची एक लांब धाव झाली. आता त्याच बोगद्यात, रिकचं एक कडं वापरून, शेजारी इलेक्ट्रॉनांचं नवं कडं बांधून ईआयसी उभं राहणार आहे. जानेवारी २०२० मध्ये जागा म्हणून ब्रूकहेवनची निवड जाहीर झाली. ध्रुवित इलेक्ट्रॉन ध्रुवित प्रोटॉनांवर आदळतील, आणि प्रोटॉनांबरोबर हेलियम-३ चे ध्रुवित अणुगर्भही धावतील. हेलियम-३ चं चुंबकत्व असं आहे की त्याच्या वाटेत अनुनाद अधिक जोरकस येतात, म्हणून त्या कड्यात दोनऐवजी सहा साप बसवायची योजना आहे. प्रोटॉनांची ऊर्जा २७५ अब्जांपर्यंत, आणि ध्रुवणाचं उद्दिष्ट ७० टक्के. रिकला त्या उंचीवर ५५ च्या आसपास मिळत होतं. इथे एकच झोत प्रोटॉनांचा असल्यामुळे मोल ध्रुवणाच्या वर्गाने वाढतं: ५५ चे ७० झाले तर दहा वर्षांत जे मोजून झालं असतं ते सव्वासहा वर्षांच्या आत होईल. स्रोताकडे ८० आहेत. मधले टक्के एजीएसमध्ये आणि चढाईच्या वाटेवर गळतात, आणि सध्या लोक तिथेच काम करत आहेत.